मिराजच्या आधीचं विमान

मिराज-२००० विमानं ग्वाल्हेरला आली ती १९८५ मध्ये. तेव्हापासून या शहरात हवाई दल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिराजच येतं. यंदा गणपतीत लष्कर भागातल्या आमच्या मंडळानं मला हवाई दलावर बोलायला सांगितलं, तेव्हाही प्रश्न सगळे त्याच वळणाचे आले. बालाकोटच्या रात्री महाराजपुऱ्याहून, म्हणजे इथल्या हवाई तळावरून, किती विमानं उडाली, राफेल आणि मिराजमध्ये फरक काय, सुखोई भारी की मिराज. मी मात्र एचटी-२ या शिकाऊ विमानापासून सुरुवात करायची असं ठरवूनच गेलो होतो. वेळ संपली तेव्हा १९८४ सालापर्यंत पोचलो होतो. राहिलेलं आणि तिथे घाईत सांगितलेलं, दोन्ही इथे सावकाश लिहितो.

मी वैमानिक नव्हे. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, म्हणून लागलो. बेळगावजवळ सांबऱ्याला रिक्रूट ट्रेनिंग झालं, तांबरमला ट्रेड शिकलो आणि पहिली पोस्टिंग मिळाली बिदरच्या एलिमेंटरी फ्लाइंग स्कूलला. पुढे बरीच वर्षं दुंडीगलच्या एअर फोर्स अकॅडमीत गेली. शेवटी घर जवळ म्हणून महाराजपुरा मागून घेतलं आणि इथूनच वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. लढाऊ विमानं हाताखालून गेली, पण आयुष्याचा मोठा भाग शिकाऊ विमानांची चाकं, ब्रेक आणि कंट्रोल केबल यांच्यात गेला. त्याचा मला अभिमान आहे.

मला सांगायचंय ते एवढंच. महाराजपुऱ्याला मिराजमध्ये बसणारा पोरगा तिथवर येईतो दोन-तीन विमानं मागे टाकून आलेला असतो. त्यातलं पहिलं विमान त्याला सगळ्यात जास्त घडवतं. नजर कुठे ठेवायची, हात किती हलके ठेवायचे, गोंधळ उडाला की आधी काय करायचं, या सवयी तिथे लागतात आणि मग आयुष्यभर सुटत नाहीत. असं असूनही हा पहिला टप्पा आपल्याकडे वेळोवेळी बदलला, तो बहुतेक वेळा हाताशी कोणतं विमान आहे ते पाहून. शिकणाऱ्याला काय हवं हा प्रश्न नंतर यायचा. ज्या ज्या वेळी तो प्रश्न आधी विचारला गेला, त्या त्या वेळी काम चांगलं झालं.

अगदी सुरुवातीला तर आपल्याकडे शाळाच नव्हती. १९३० मध्ये निवडलेले पहिले भारतीय कॅडेट इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकायला गेले. सुब्रतो मुखर्जी, जे पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, त्यांच्यातलेच. ८ ऑक्टोबर १९३२ ला हवाई दल स्थापन झालं तेव्हा वैमानिक बोटांवर मोजण्याएवढे होते, त्यामुळे परदेशी पाठवून भागत होतं. महायुद्ध सुरू झालं आणि हा हिशेब कोलमडला. शेकड्यांनी वैमानिक हवे होते. मग पायऱ्या पाडल्या गेल्या. लाहोरजवळ वॉल्टनला जमिनीवरचं प्राथमिक शिक्षण, त्यानंतर बेगमपेठ आणि जोधपूरच्या एलिमेंटरी शाळांत टायगर मॉथवर उडायला शिकायचं, आणि तिथून जो टिकेल तो अंबाल्याच्या सर्व्हिस फ्लाइंग ट्रेनिंग स्कूलला मोठ्या विमानावर. आज आपण स्टेज वन, स्टेज टू म्हणतो, त्याचा पाया तो. टायगर मॉथ म्हणजे दोन पंखांचं, उघड्या कॉकपिटचं, १३० अश्वशक्तीच्या इंजिनाचं कापडी विमान. स्वस्त, सोपं, आणि पोराला चूक करायची मुभा देणारं.

शिकवण्याची पद्धत त्याहून जुनी आहे, आणि ती कुठून आली ते सांगायलाच हवं. पहिल्या महायुद्धात शिकताना मरणारे वैमानिक इतके होते की १९१७ मध्ये इंग्लंडातल्या गॉसपोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानं सगळी रीतच उलटी केली. त्याआधी शिकाऊ पोराला धोक्याच्या हालचालींपासून लांब ठेवायचे. स्मिथ-बॅरीनं त्याला दुहेरी कंट्रोलच्या अ‍ॅव्ह्रो विमानात बसवलं, मुद्दाम गिरकीत, म्हणजे विमान ताबा सुटून गोल फिरत खाली येतं त्या अवस्थेत, नेलं आणि तिच्यातून बाहेर कसं यायचं ते शिकवलं. इन्स्ट्रक्टर बोलण्याच्या नळीतून पोराशी बोलत राहायचा. करता करता बोलायचं आणि बोलता बोलता करून दाखवायचं. याला हवाई दलात आजही पॅटर म्हणतात, आणि तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमध्ये चांगल्या चांगल्या वैमानिकांना तो पॅटर घोटून घोटून पाठ करावा लागतो. विमानं बदलली, तळ हलले, तासांचे हिशेब बदलले. शंभर वर्षांत टिकून राहिली ती ही एक गोष्ट.

आता एचटी-२. मंडळातल्या व्याख्यानात मी विचारलं होतं, डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव कुणी ऐकलंय का. दोन हात वर झाले, दोन्ही पांढऱ्या केसांच्या माणसांचे. कोल्हापूरकडचा, गडहिंग्लज तालुक्यातला हा माणूस जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला. वायुगतिशास्त्रात प्रांड्टल म्हणजे शेवटचा शब्द. घाटगे परत येऊन बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानं आखायला बसले, आणि आधी आखलं काय, तर शिकाऊ विमान. पूर्ण धातूचं, खाली पंख असलेलं, पुढेमागे दोन माणसं बसतील असं. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन मुन्शींनी ते पहिल्यांदा उडवलं. आपल्याकडेच आखून, आपल्याकडेच बांधून सेवेत गेलेलं हे स्वतंत्र भारताचं पहिलं विमान. दीडशेहून जास्त बांधली गेली. घानाचं हवाई दल उभं करायला आपले अधिकारी गेले होते, त्या घानानंही ही विमानं घेतली.

मला हे नेहमी मोठं वाटत आलंय. नव्या देशातल्या एका हुशार माणसाला बॉम्बफेकी किंवा लढाऊ विमान आखायचा मोह सहज झाला असता. घाटग्यांच्या हातून आधी शिकणाऱ्या पोराचं विमान तयार झालं.

बिदरला मी गेलो तेव्हा एचटी-२ म्हातारं झालं होतं, पण रोज उडत होतं. उन्हाळ्यात उड्डाणं अगदी पहाटे सुरू व्हायची, कारण दहानंतर तापलेल्या लाल जांभ्या दगडाच्या माळावरून हवा अशी उसळायची की नवख्या पोराला विमान सरळ धरणं कठीण. आम्ही अंधारातच विमानं हँगरमधून बाहेर ढकलायचो. प्री-फ्लाइट तपासणी, टायर, ब्रेक, केबलचा ताण, कंट्रोल मोकळे आहेत ना, मग फॉर्म ७०० वर सही. त्या सहीचा अर्थ असा, की हे विमान उडायला योग्य आहे असं मी म्हणतोय. मग पाठीवर पॅराशूट लटकवून कॅडेट यायचे. कुणी शिटी वाजवत, कुणी ओठांतल्या ओठांत चेकलिस्ट पुटपुटत.

एचटी-२ शेपटीच्या चाकाचं विमान. जमिनीवर त्याचं नाक वर असतं, समोरचं दिसत नाही, त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालवत नेताना, नागमोडी जावं लागतं. उतरताना पाय जरा झोपले, रडर, म्हणजे पायांनी चालवायचं शेपटीचं सुकाणू, ढिला पडला, की विमान स्वतःभोवती फिरतं. अशा लँडिंगनंतर पोरगा लाइनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, आला की आम्ही अंडरकॅरेजखाली, चाकांच्या सांगाड्याखाली, पाठीवर सरपटत जायचो, तडा आहे का, रिव्हेट सैल झालेत का ते टॉर्चनं बघायचो. कष्टाचं काम होतं. पण ते विमान पोरांच्या पायांना जागं ठेवायचं. जुने इन्स्ट्रक्टर म्हणायचे, एचटी-२ सरळ उतरवता आलं की पुढचं कोणतंही विमान उतरवता येईल. माझ्या मते यात अतिशयोक्ती नव्हती.

आज कोणता कॅडेट पहिल्यांदा एकटा उडणार हे आम्हा लाइनवरच्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. इंजिन चालू असतानाच इन्स्ट्रक्टर साहेब खाली उतरायचे आणि आम्हाला खूण करायचे. आम्ही पंखावर चढून त्यांच्या रिकाम्या सीटचे पट्टे घट्ट बांधायचो, म्हणजे सुटलेला पट्टा हवेत कंट्रोल स्टिकला अडकणार नाही. एवढं जवळून त्या पोराचा चेहरा फक्त आम्हीच पाहिलाय. एक फेरी, एक लँडिंग, बस. साहेब रनवेकडे बघत उभे, आणि आम्ही साहेबांकडे बघत.

चीनच्या युद्धानंतर हवाई दल झपाट्यानं वाढवायचं ठरलं. त्याच वाढीत बिदरची एलिमेंटरी शाळा उभी राहिली. शाळा ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या. जोधपूर, अलाहाबाद, बेगमपेठ, हकीमपेठ, प्रत्येकाची आपली रीत. सगळ्यांना एका छताखाली आणायचं म्हणून हैदराबादजवळ दुंडीगलला अकॅडमीची पायाभरणी ११ ऑक्टोबर १९६७ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या हस्ते झाली, आणि १९७१ मध्ये ती सुरू झाली. ही आपल्याकडची खरी पुनर्रचना, असं मी मानतो. एका ठिकाणी शिकवलं की शिकवणाऱ्यांची भाषा एक होते.

त्याच काळात किरण आलं. हेही घाटग्यांच्याच देखरेखीखाली आखलेलं जेट विमान, पहिलं उड्डाण सप्टेंबर १९६४. मग क्रम ठरला तो असा: आधी पिस्टन इंजिनाचं हलकं विमान, त्यावरून किरण. त्याआधी किरणच्या जागी हार्वर्ड नावाचं पिस्टन विमान होतं, आणि हार्वर्डपर्यंत सगळे कॅडेट एकत्रच शिकायचे. कोण लढाऊ विमानांवर जाणार, कोण मालवाहूवर, हे नंतर ठरायचं.

याच सुमारास बाहेर एक वेगळाच प्रयोग होऊन गेला होता. पोराला शेवटी जेटच उडवायचंय, तर पहिल्या दिवसापासून जेटवरच का शिकवू नये? ब्रिटननं १९५५ मध्ये हलाव्हिंग्टनला जेट प्रोव्होस्टवर तसं करून पाहिलं, आणि पोरं शिकली सुद्धा. अमेरिकेनंही टी-३७ या जेटवर सगळं शिक्षण सुरू केलं. पण ज्याला उडणं जमणारच नाही असाही पोरगा जेटचे महागडे तास खाऊन मग बाहेर पडायचा. म्हणून १९६५ मध्ये अमेरिकेनं सेसना १७२ सारखं साधं विमान टी-४१ या नावानं पुन्हा आधी लावलं. ब्रिटननंही फिरून हलक्या पिस्टन विमानांची सोय केली. हा लंबक दोन्ही देशांत असा झुलला. मला त्यातून दिसतं ते हे, की पहिलं विमान शिकवतं तसंच ते निवडतंही. ती निवड स्वस्तात आणि पोराच्या जिवाला कमीत कमी धोका घालून व्हायला हवी.

एचटी-२ च्या जागी एचपीटी-३२ आलं. दीपक नाव त्याचं. १९७७ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा उडालं होतं, आणि १९८४ पासून हवाई दलात येऊ लागलं. आम्हा फिटरांना सुरुवातीला ते फार आवडलं. पुढे चाक, त्यामुळे टॅक्सी सरळ. कॉकपिट मोठं. कॅडेट आणि इन्स्ट्रक्टर शेजारी शेजारी. शेजारी बसण्यात शिकवणाऱ्याला मोठा फायदा असतो. पोराचे हात, पोराची नजर, घाम, सगळं दिसतं. पुढेमागे बसवलं की इन्स्ट्रक्टरला पोराच्या हेल्मेटची मागची बाजू दिसते, बाकी अंदाज. पण लढाऊ विमानात शेवटी एकट्यानं बसायचं, म्हणून पुढेमागे बसवणारेही बरेच आहेत. दोन्ही बाजूंचं मला पटतं, पण अगदी पहिल्या काही उड्डाणांना शेजारी बसणं बरं, असं माझं मत अजूनही आहे.

एअर टेस्टला, म्हणजे विमान तपासून बघायच्या उड्डाणाला, कधी कधी फिटरलाही शेजारच्या सीटवर घेऊन जायचे. एकदा साहेबांनी वर गेल्यावर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा, मागे घेतला आणि म्हणाले, बघ, आता इंजिन नाही असं समज, कुठे उतरशील? मी खाली पाहिलं. ज्वारीची शेतं, एक तळं, विजेच्या तारा. बोट दाखवेपर्यंत ती शेतं किती जवळ आली होती! साहेबांनी शांतपणे थ्रॉटल पुढे नेला. म्हणाले, याच कारणासाठी पोरांना आधी मैदान निवडायला शिकवतो, मग उडायला.

दीपकला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी सीट, नव्हती. इंजिन बंद पडलं तर ते फार लांब तरंगतही जात नसे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की कमी उंचीवर माणसाला वेळच उरत नाही. ३१ जुलै २००९ ला मेदक जिल्ह्यात एक दीपक कोसळलं आणि त्यातले दोघेही गेले. दोघेही अनुभवी इन्स्ट्रक्टर. पोरगा चुकला असं म्हणायला जागाच नव्हती. पंचवीस वर्षांत १७ अपघात आणि १९ वैमानिक, असा आकडा नंतर वर्तमानपत्रांत छापून आला. सगळी विमानं जमिनीवर आणली गेली आणि ती पुन्हा शिकवायला उडाली नाहीत. संकटात अख्खं विमानच खाली उतरवेल अशी पॅराशूट बसवायचा विचार काही काळ चालला, तोही मागे पडला.

त्या वेळी मी दुंडीगलला होतो. लाइनवर विमानं रांगेनं उभी, चाकांना चॉक लावलेले, कॉकपिटवर कव्हर. आम्ही रोज जाऊन त्यांची देखभाल करत होतो, कारण उभ्या विमानाचीही देखभाल करावी लागते. कुणी फारसं बोलत नव्हतं. कागदावर सह्या करणाऱ्या माणसाला अशा वेळी काय वाटतं ते मला लिहिता येणार नाही.

पण कॅडेट तर येतच राहिले, त्यांना थांबवता येत नाही. मग किरण, जे दुसऱ्या पायरीचं विमान, तेच पहिली पायरी झालं. पहिल्या टप्प्याचे तास कापले गेले. किरणला इजेक्शन सीट होती ही जमेची बाजू. पण ज्यानं आधी हातात काहीच धरलेलं नाही त्याला एकदम जेटमध्ये बसवायचं, तेही थोड्या तासांत, आणि त्याच थोड्या तासांवर हा लढाऊ विमानांच्या लायकीचा आहे की नाही ते ठरवायचं. आता वाटा पहिल्या टप्प्यानंतरच फुटतात: लढाऊ विमानांचे हकीमपेठेला, मालवाहूचे येलहंकाला, हेलिकॉप्टरचे आपल्या वाटेनं. म्हणजे पूर्वी जी निवड हार्वर्डपर्यंतचं उडणं पाहून व्हायची, ती आता पहिल्या विमानावर होते. जितक्या लवकर वाटा फुटणार, तितकं पहिल्या विमानावर जास्त ओझं. २००९ ते २०१३ या चार वर्षांत ओझं वाढलं आणि खांदा बारीक झाला. इन्स्ट्रक्टरांनी जीव तोडून शिकवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय किरणचे तास दोन टप्प्यांत वाटले गेले, जुनी विमानं अजून जुनी झाली, आणि हँगरमधलं काम दुप्पट झालं.

एका टप्प्याची उणीव दुसऱ्यावर ढकलण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. किरण किंवा पोलंडहून आलेलं इस्क्रा उडवून पोरं थेट मिग-२१ वर जायची. मधली पायरीच नव्हती. १९८२ मध्ये एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीनं प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या असं स्पष्ट सांगितलं होतं. तसं विमान म्हणजे ब्रिटनचं हॉक, त्याचा करार झाला २००४ मध्ये, आणि ती विमानं बिदरला आली २००८ मध्ये. या मधल्या वर्षांत तेजपूरच्या मिग शाळेत जे पाठवले गेले, त्यांच्या आईवडलांपैकी काही जण आपल्या ओळखीतलेही असतील. यावर मला जास्त लिहायचं नाही. हॉक यायला उशीर झाला, फार उशीर झाला.

स्वित्झर्लंडच्या पिलाटस पीसी-७ मार्क टू विमानांचा करार मे २०१२ मध्ये झाला, ७५ विमानांचा. पुढच्याच फेब्रुवारीत पहिली विमानं आली, आणि ३१ मे २०१३ ला दुंडीगलला ती रीतसर सेवेत आली. एवढ्या लवकर विमान आलेलं मी माझ्या नोकरीत दुसरं पाहिलं नाही. टर्बोप्रॉप, म्हणजे जेटसारख्या टर्बाइननं पंखा फिरवणारं इंजिन, इजेक्शन सीट, पुढेमागे बसायचं पण मागची सीट उंच, त्यामुळे इन्स्ट्रक्टरला पुढचं दिसतं. सोबत सिम्युलेटर आले. पहिल्या टप्प्याचे तास पुन्हा वाढले. पॅनेल उघडायला सोपे, प्रत्येक गोष्टीला जागा, हाताला ऑइल लागलं तरी कमी. म्हाताऱ्या विमानांवर हयात घालवलेल्या माणसाला हे कळतं.

१८ जून २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ शाखेत कमिशन झाल्या, मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री. अवनी आपल्या मध्य प्रदेशातल्या, रीवाच्या. पहिलं विमान चांगलं, तास पुरेसे, तेव्हाच्या त्या बॅचेस. हा योगायोग नाही असं मला वाटतं, पण त्यात त्या मुलींची जिद्द सगळ्यात मोठी, हेही लिहून ठेवतो.

चांगलं विमान म्हणजे धोका संपला असं नाही. ४ डिसेंबर २०२३ ला तूप्रानजवळ एक पीसी-७ कोसळलं, इन्स्ट्रक्टर आणि कॅडेट दोघेही गेले. शिकवण्यात धोका उरतोच. तो कमी करत राहायचं, एवढंच आपल्या हातात.

आता एचटीटी-४०. दीपक थांबलं तेव्हापासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स हे विमान बनवायच्या मागे होतं. हवाई दलाच्या हाती परदेशी विमान आलं, त्यामुळे हे नको असंही काही वर्षं म्हटलं गेलं. तरी बंगळूरच्या माणसांनी ते सोडलं नाही. ३१ मे २०१६ ला ते उडालं. पीसी-७ सेवेत आल्याला तेव्हा बरोबर तीन वर्षं झाली होती. गिरकीच्या चाचण्यांना बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. शिकाऊ विमान गिरकीत गेलं तर ते ठरलेल्या रीतीनं बाहेर आलंच पाहिजे, हा स्मिथ-बॅरीच्या वेळचा धडा. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांच्या खरेदीला मंजुरी मिळाली, किंमत ६,८०० कोटींच्या वर. दरम्यान २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयानं पिलाटसबरोबरचे व्यवहार वर्षभरासाठी थांबवले होते. परदेशी विमानावर पहिला टप्पा टांगून ठेवला की सुट्या भागांपासून अशा निर्णयांपर्यंत सगळ्याची झळ शेवटी कॅडेटच्या तासांना लागते. म्हणून एचटीटी-४० यावं, आणि पीसी-७ असतानाच यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. एक विमान बंद पडलं तर शिकवणं थांबू नये. २००९ मध्ये हाताशी दुसरं असं विमान नव्हतं.

आमच्या शिंद्यांच्या छावणीतल्या वाड्यात एक मुलगी एएफकॅटची, म्हणजे हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या परीक्षेची, तयारी करतेय. परवा विचारत होती, "काका, दुंडीगलला पहिलं विमान कोणतं मिळतं? आणि तिथे नापास झालं तर?" तिला सांगितलं की आधी निवड मंडळात संगणकावरची वैमानिक चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात हात, डोळा आणि लक्ष एकाच वेळी किती सांभाळता येतं ते बघतात. पास झालीस तर दुंडीगलला इन्स्ट्रक्टर जे बोलेल ते शब्दन् शब्द ऐक, संध्याकाळी खोलीत डोळे मिटून अख्खी सॉर्टी, म्हणजे त्या दिवसाचं उड्डाण, पुन्हा उडव. आणि विमानाला हात लावण्याआधी लाइनवरच्या एअरमनला नमस्कार कर, कारण तुझ्याआधी त्यानं ते विमान तपासलंय. ती हसली नाही, वहीत लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं.

एक काम तुमच्याकडे आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून हवाई दलात गेलेले बरेच आहेत. दौलतगंजात, जीवाजीगंजात, मुरारला, कुणाचे काका, कुणाचे आजोबा बिदर, जोधपूर किंवा दुंडीगलला उडायला शिकले. त्यांची फ्लाइंग लॉगबुकं कुठल्या तरी लोखंडी ट्रंकेत पडली असतील. रद्दीत देऊ नका. मला त्यांतली पहिली काही पानं बघायची आहेत: कोणतं विमान, इन्स्ट्रक्टरबरोबर किती तास झाल्यावर पहिला सोलो मिळाला, गिरकी कितव्या उड्डाणाला शिकवली, पुढच्या विमानावर कधी गेले. टायगर मॉथ, एचटी-२, दीपक, किरण, पीसी-७, प्रत्येक काळातली दोन-चार लॉगबुकं मिळाली तरी शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल की पोरांना प्रत्यक्ष काय मिळालं. पुस्तक घरातून बाहेर काढायचं नसेल तर मी येऊन तिथेच बसून लिहून घेईन. सकाळी दहानंतर कधीही.